अळीचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

मे २०१८मध्ये कर्नाटकात शिवमोगा येथे मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली आणि काही महिन्यांतच महाराष्ट्रातील मका व ऊस तिच्या तावडीत सापडले. मूळ अमेरिका खंडातील या किडीची आफ्रिकेतील पहिली नोंद २०१६ची. मक्याच्या पोंग्यात दडणाऱ्या या अळीपुढे शेतकऱ्याला आजही बहुधा एकच मार्ग दिसतो : कृषी सेवा केंद्राचा दुकानदार देईल ते औषध फवारावयाचे, तेही उधारीवर.

विज्ञान मात्र स्वस्थ बसलेले नाही. २०१७मध्ये फ्रान्समधील सार्वजनिक कृषी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी या किडीचा जनुकसंच वाचला आणि जगाला खुला केला. चव ओळखणारी जनुके तिच्यात, मोजक्याच वनस्पतींवर जगणाऱ्या पतंगांच्या तुलनेत, कितीतरी अधिक आहेत. विविध पिकांवर जगण्याच्या तिच्या क्षमतेचा एक उलगडा येथे होतो. पुढील अभ्यासांत, आफ्रिका व आशियात पसरलेल्या अळ्यांमध्येही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांना दाद न देणारे जनुकबदल सापडले.

या शोधाचा आर्थिक अर्थ साधा आहे. जे औषध किडीला मारीत नाही त्यावर खर्च झालेला प्रत्येक रुपया शेतकऱ्याच्या कर्जात जमा होतो आणि विक्रेत्याच्या नफ्यात. शिवाय विष फवारणाऱ्याच्या श्वासात जाते ते वेगळेच. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे बळी घेतले, हे विसरता येणार नाही.

जनुकसंच खुला आहे, म्हणून तो सर्वांचा झाला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ग्रंथालयाचे दार उघडे असले तरी निरक्षराला त्याचा उपयोग नसतो. ज्याच्यापाशी प्रयोगशाळा आणि भांडवल, त्यालाच हे ज्ञान वापरता येते. किडीच्या जनुकांवर आघात करणारे मक्याचे वाण २०१७मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, ते खाजगी कंपनीचे. संशोधनात जोखीम असते, म्हणून नफाही हवा, असे सांगितले जाते. परंतु पायाभूत ज्ञानाचा मोठा भार जेथे जनतेच्या पैशाने उचलला, तेथे फळावरही जनतेचा हक्क पोहोचतो.

म्हणून मागणी नेमकी हवी. राज्यातील चार कृषी विद्यापीठांनी दर हंगामात जिल्ह्याजिल्ह्यांतील अळ्यांची जनुकीय तपासणी करावी. कोणते औषध निरुपयोगी ठरले, ते मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे आणि त्याची विक्री त्या भागात थांबवावी. ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटक आणि कामगंध सापळे सरकारी केंद्रांतून वेळेवर मिळावेत. यासाठी लागणारा पैसा अनुदान नव्हे. ती सार्वजनिक ज्ञानातील गुंतवणूक होय.

हमीभाव आणि कर्जमुक्ती यांच्याबरोबरच ज्ञानाचा हक्क हाही शेतकरी चळवळीचा विषय आहे. पक्षकार्यकर्त्यांनी येत्या खरिपापूर्वी तो गावोगावच्या ग्रामसभांत मांडावा.