'मेरे गली में' : एका रॅपगायकाची वाटचाल

'रॅप' या नावाच्या गायनप्रकाराविषयी आमच्या पालकवर्गात अलीकडे बरीच कुरकुर ऐकू येते. मुले मोबाइल कानाशी लावून घटकान् घटका बसतात, वह्यांच्या मागील पानांवर यमके जुळवितात, आणि त्यातील अक्षरही वडील माणसांस उमगत नाही, अशी ती तक्रार आहे. ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि ज्या वस्तूस नाव ठेवावयाचे ती आधी नीट पाहून घ्यावी, असे आम्ही वर्गात मुलांस सांगतो. तेव्हा तो नियम आपणही पाळणे उचित होय. यास्तव या क्षेत्रात आपल्याच प्रांतातून पुढे आलेल्या एका गृहस्थाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

'डिव्हाइन' या नावाने प्रसिद्ध असलेले विवियन फर्नांडिस यांचा जन्म १९९० सालचा. मुंबईत अंधेरीच्या पूर्व भागातील दाट वस्तीत, एका ख्रिस्ती कुटुंबात ते वाढले. आई परदेशी नोकरीस असल्याने संगोपनाचा भार आजीवर पडला. शाळेतील एका सोबत्याच्या सदऱ्यावर 'फिफ्टी सेंट' या अमेरिकन गायकाचे चित्र त्यांनी पाहिले, आणि तेथून त्यांस या गायनाची गोडी लागली.

हे गायन मूळचे न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या भागाचे. जमैकाहून आलेल्या कूल हर्क नावाच्या तरुणाने ११ ऑगस्ट १९७३ रोजी आपल्या बहिणीने योजिलेल्या एका मेजवानीत तबकड्या वाजविल्या. गाण्यातील नुसत्या तालाचा तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवीत असे. त्या तालावर बोलत जाण्याची रीत पुढे बळावली, आणि गरिबांच्या वस्तीतून ती जगभर गेली.

फर्नांडिस यांनी आरंभी इंग्रजीत रचना केल्या. ज्याचे अनुकरण करावयाचे त्याचीच भाषा घ्यावी, असे कोणाही नवशिक्यास वाटणारच. पुढे त्यांनी ती सोडून आपल्या गल्लीतील मिश्र हिंदी धरली, आणि तेव्हापासून लोक त्यांचे ऐकू लागले. २०१३ साली 'ये मेरा बॉम्बे' आणि २०१५ साली कुर्ल्याच्या नेझी या गायकासह 'मेरे गली में' ही गीते निघाली. या दोघांच्या जीवनावरून स्फूर्ती घेऊन झोया अख्तर यांनी 'गली बॉय' हा चित्रपट काढला. तो फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रदर्शित झाला आणि ऑस्कर पारितोषिकासाठी भारतातर्फे पाठविला गेला. त्याच वर्षी डिव्हाइन यांचा 'कोहिनूर' आणि पुढील वर्षी 'पुण्य पाप' हा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला.

आता 'मेरे गली में' या शीर्षकाकडे पाहा. 'गली' हा शब्द हिंदीत स्त्रीलिंगी. शुद्ध रूप 'मेरी गली में' असे हवे. आमच्या हिंदीच्या शिक्षकांपुढे हे तीन शब्द आले असते तर पहिल्याभोवती तांबडे वर्तुळ पडले असते, आणि परीक्षेत ते पडावेच. परंतु मुंबईची गल्ली असेच बोलते. ते रूप शुद्ध करून घेतले असते तर गीत निर्दोष झाले असते, आणि त्या गल्लीतील कोणासही ते आपले वाटले नसते.

परदेशातही हेच दिसते. सामोअन कुळातील, पण न्यूझीलंडात वाढलेले बिल उराले हे 'किंग कपिसी' या नावाने गातात. इंग्रजीच्या जोडीला त्यांनी आपल्या पूर्वजांची सामोअन भाषा वापरली. १९९९ साली त्यांच्या 'रिव्हर्स रेझिस्टन्स' या गीतास 'सिल्व्हर स्क्रोल' हा त्या देशाचा गीतरचनेचा मान मिळाला. या गायनप्रकारास तो त्यापूर्वी कधीही मिळाला नव्हता. मुंबईच्या 'स्वदेसी' या मंडळातील एमसी मवाली (हे नाव आम्हांस रुचत नाही, पण त्यांची मराठी सकस आहे) हेही त्याच वाटेचे. २०१९ साली या मंडळाने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांस सोबत घेऊन आरेच्या जंगलासाठी 'द वारली रिव्होल्ट' ही रचना केली. आणि शेजारच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक? मुंबईस गेल्यावर तरुण वयात त्यांनी अक्षरओळख करून घेतली, आणि २००४ साली निधन होईपर्यंत हजारो गीते रचून गावोगाव गाइली. त्यांस कोणी परकी बोली उसनी आणावयास सांगितले नव्हते.

आमच्या मुलांच्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांत मुंबईच्या गल्ल्या आहेत, न पाहिलेल्या मोटारी आहेत, सोन्याच्या साखळ्या आहेत. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीचे पाणी सायखेड्यात शिरले, ते त्यांत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा घरोघरी जेवणाच्या वेळी काय बोलणे चालले होते, तेही नाही. गावची बोली तर मुळीच नाही. आणि याचा दोष केवळ मुलांचा नव्हे. 'व्हता', 'नाय' म्हणणाऱ्या मुलास वर्गात हसू येऊ देणाऱ्या आम्हां शिक्षकवर्गाचाही तो आहे. प्रमाण मराठी उत्तम आलीच पाहिजे, तिजवाचून पुढील शिक्षण अडते. पण ती शिकविताना घरची बोली लाजिरवाणी ठरविण्याचे कारण काय?

या गायनात शिवराळपणा पुष्कळ आहे, श्रीमंतीची बढाईही आहे. डिव्हाइन यांच्या सर्वच रचना मुलांच्या हाती द्याव्यात असे आमचे मत नाही. शिवाय या धंद्यात नाव मिळविणारे थोडे, आणि अर्ध्या वाटेवर राहिलेल्यांविषयी कोणी चित्रपट काढीत नाही. तेव्हा यासाठी शाळा सोडण्याची भाषा कोणी करीत असल्यास आम्ही पालकांच्या बाजूचे आहोत. परंतु यमक जुळविण्यास फारसे भांडवल लागत नाही. नेझी यांनी २०१४ साली आपले 'आफत' हे गीत घरच्या आयपॅडवर तयार केले होते. दहावीचा अभ्यास सांभाळून एवढे करता येते.

यंदाच्या स्नेहसंमेलनात अशा रचनांस पंधरा मिनिटे द्यावीत, असे आम्ही सुचवीत आहोत. रचना स्वतःची असावी, विषय गोदाकाठचा असावा, आणि भाषा घरी बोलतात तीच असावी. मजकूर आठ दिवस आधी मराठीच्या शिक्षकांकडे द्यावा. ते अपशब्द तेवढे काढतील, बोलीस हात लावणार नाहीत. आणि त्याआधी तो एकदा आईवडिलांस म्हणून दाखवावा.