बाबासाहेबांचा मधुमेह आणि आपले मौन

६ डिसेंबर जवळ आला की मोबाईलवर तोच मजकूर फिरू लागतो : बाबासाहेब गेले नाहीत, त्यांना घालवले गेले. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी माईसाहेबांकडे रोखलेले बोट काही खाली आले नाही. आमचा प्रश्न वेगळाच आहे. बाबासाहेबांच्या शरीरात इतकी वर्षे जो आजार होता, त्याविषयी आपल्यापैकी किती जणांनी वाचले?

संविधानाचा मसुदा तयार होत होता त्या काळात त्यांचा मधुमेह बळावला होता. इन्सुलिन चालू होते, पायांतल्या वेदनांनी झोप लागत नसे. उपचारासाठी ते मुंबईला आले, गिरगावात डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात. तिथे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर १५ एप्रिल १९४८ रोजी सविता आंबेडकर झाल्या. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली, आणि दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ६ डिसेंबरला दिल्लीत झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण. आदल्या रात्री ते 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेवर काम करत होते.

जुना मधुमेह आणि झोपेत आलेला मृत्यू ही जोडी वैद्यकशास्त्राला अनोळखी नाही. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब करते, तिथे चरबी साचते, वाट अरुंद होते. मधुमेह असलेल्याला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांपेक्षा दुपटीहून अधिक असतो. त्यात नसाही बधिर झालेल्या असतात, त्यामुळे कित्येकदा छातीत कळच येत नाही. दम लागतो, घाम सुटतो, मळमळते, बस्स.

नायगावच्या बीडीडी चाळीतले आमच्या ओळखीचे एक काका, महापालिकेतून निवृत्त झालेले, असेच गेले. रात्री घाम फुटला, "गॅस झालाय" म्हणून सोडा प्यायले. केईएम हाकेच्या अंतरावर, पण तिथे पोचले ते सकाळी, आणि तोवर उशीर झाला होता. साखरेची गोळी त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडली होती, 'बरं वाटतंय' म्हणून. त्यांच्या मयतीतही कटाची चर्चा रंगली होती, हे सांगताना आम्हाला लाज वाटते.

कोणी म्हणेल, हा अस्मितेचा प्रश्न आहे, शंका विचारायचीच नाही का? जरूर विचारा, कागद मागा. पण ज्या बाईने डॉक्टर म्हणून त्यांचे पथ्यपाणी सांभाळले तिच्यावर पुराव्याशिवाय आरोप करणे ही चिकित्सा नव्हे.

यंदा शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी आम्ही एक टेबल मांडतो आहोत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तिथे मोजू. जास्त भरेल त्याला तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करायला पाठवू, आणि नंतर फोन करून विचारू, केली का म्हणून. फोन करायला मुले हवी आहेत.