गॅदरिंगची तारीख

दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो, तोच बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. पत्र्याची पेटी, अंथरूण, जळण, ज्वारीचं पोतं, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली लहान पोरं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला हा कोयता ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि हंगाम संपून पट्टा पडला की मार्चच्या आसपास परत येतो. बीड जिल्ह्याला हे नवीन नाही. सोलापूर-धुळे महामार्गावरचं चौसाळा याच पट्ट्यात येतं. महामार्गाचा जुना क्रमांक 211 होता, आता 52 आहे. रस्ता रुंद झाला तरी त्यावरून दर दिवाळीला निघणारी माणसं तीच राहिली.

आणि नेमकं याच सुमाराला शाळांमध्ये गॅदरिंगचे वारे वाहू लागतात.

स्नेहसंमेलन हा त्याचा छापील शब्द; मुलं, मास्तर आणि गाव म्हणतात गॅदरिंग. डिसेंबर, जानेवारी, फार तर फेब्रुवारी. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत ते 26 जानेवारीलाच उरकतात, कारण झेंडावंदनाला गाव एरवीही जमतंच. मैदानात मंडप पडतो, स्पीकर लागतो, एक कोळीगीत, एक शेतकरी नृत्य, एक देशभक्तीपर गाणं, एक व्यसनमुक्तीचं नाटुकलं आणि 2016 नंतर काही वर्षं तरी न चुकता ‘सैराट’मधलं एखादं गाणं. कुणी खूश होऊन शंभराची नोट पुढे करतो, माईकवर त्याचं नाव पुकारलं जातं आणि त्या पैशांतून कधी शाळेला कपाट मिळतं, कधी पाण्याची टाकी. यातलं काहीही हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लहान गावात शाळा आणि पालक भांडणाशिवाय एकत्र येण्याचे प्रसंग मुळात थोडेच असतात.

पण या कार्यक्रमात एक मोठा बदल होऊन गेला आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. मुलं गायची थांबली. गाणं पेनड्राइव्हमधून येतं, मुलं त्यावर नाचतात. आठ-दहा जणांचा गट निवडला जातो, त्यांचे कपडे भाड्याने आणले जातात, बाकीची शाळा सतरंजीवर बसून टाळ्या वाजवते. ज्यांच्याकडे भाड्याला पैसे नाहीत ती आपोआप सतरंजीवर जातात. ज्यांचे आईबाप फडावर आहेत ती तर बहुधा आधीच वजा झालेली असतात: काही आईबापांबरोबर गेलेली, उरलेली आजीपाशी किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात.

समूहगान या अर्थाने नाचापेक्षा वेगळं आहे. त्याला कपडे लागत नाहीत, निवड लागत नाही आणि बेसूर मूलही त्यात खपून जातं. गावाला हे पक्कं ठाऊक आहे. कार्तिकातला पहाटेचा काकडा असो की वर्षातला हरिनाम सप्ताह, कीर्तनात मागे टाळ घेऊन उभ्या राहणाऱ्याची परीक्षा कुणी घेत नाही. धृपद धरता आलं की झालं, आणि ते उभं राहूनच येतं. चौसाळ्यापासून जवळच, मांजरसुंब्यापाशी, कपिलधार आहे. तिथे मन्मथस्वामींच्या समाधीला कार्तिक पौर्णिमेला दिंड्या येतात, मराठवाड्यातून आणि सीमेपलीकडूनही, गात येतात. त्या दिंडीत चालणारं पोरगं शाळेत आलं की त्याला पहिल्यांदा ऐकू येतं, ‘तुझा आवाज बरा नाही, तू मागे बस.’ गाणं हे काही निवडक मुलांचं काम आहे, ही समजूत गावाने शाळेला दिलेली नाही. ती शाळेने आपली आपण तयार केली.

मराठवाड्याच्या इतिहासात तर एकत्र गाण्याला सत्ता घाबरली आहे. 1938 च्या अखेरीस हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. विद्यापीठाने बंदी घातली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि शेकडो जणांची नावं पटावरून गेली. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातही हीच ठिणगी पडली होती. नागपूर विद्यापीठाने यातल्या अनेकांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. त्या काळी हैदराबाद संस्थानात, म्हणजे मराठवाड्यातही, ‘गश्ती निशान 53’ या फर्मानामुळे साधी सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. सभेला अशी अडवणूक होती म्हणून लोकांनी गणेशोत्सवातले मेळे हाती घेतले आणि भाषणात जे बोलता येत नव्हतं ते गाण्यातून म्हटलं. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झालं. त्यामागे जशी पोलीस कारवाई होती, तशी त्याआधीची दहा वर्षांची ही सुरात उभं राहण्याची सवयही होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय या दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते. चळवळीचे कार्यकर्ते अशा शाळांतून घडले हे आता सगळेच सांगतात.

तिकडे मुंबई इलाख्यात 4 जून 1941 ला राष्ट्र सेवा दल नव्याने उभं राहिलं आणि शाखेवरच्या मुलांना कवायतीइतकंच गाणं मिळालं. साने गुरुजींच्या आणि वसंत बापटांच्या गाण्यांवर एक पिढी वाढली. दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिलं. निळू फुले आणि राम नगरकर त्याच कलापथकातून पुढे आले. यातल्या बहुतेकांना कुणी गायक म्हणून निवडलं नव्हतं, ती शाखेवर आलेली साधी पोरं होती.

एकत्र गाण्याने नेमकं होतं काय, यावर अलीकडे शास्त्रज्ञांनीही बरंच काम केलं आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्योर्न विकहॉफ यांच्या गटाने 2013 मध्ये अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ओळ संपते तिथे सगळे एकदम श्वास घेतात. श्वास जुळला की ठोक्यांचा वेगही बरोबरीने वर-खाली होऊ लागतो. काकड्याला बसणाऱ्या कुठल्याही आजोबांना यात नवल वाटणार नाही. पण ते आता आलेखावर दिसतं आहे.

जर्मनीतल्या लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतला प्रयोग शाळेला जास्त जवळचा आहे. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी 2010 मध्ये चार वर्षांच्या 96 मुलांच्या जोड्या केल्या. काही जोड्या एक खेळ गात-वाजवत खेळल्या, काही तोच खेळ गाण्याशिवाय खेळल्या. नंतर मुद्दाम अशी योजना होती की एकाच्या हातातल्या गोट्या सांडाव्यात. गाऊन आलेली मुलं दुसऱ्याच्या मदतीला जास्त प्रमाणात धावली.

तिसरा अभ्यास ऑक्सफर्डचा. आयलुनेड पिअर्स, जॅक लाउने आणि रॉबिन डनबार यांनी प्रौढांच्या वर्गांवर सात महिने लक्ष ठेवलं. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. 2015 मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष प्रामाणिक आहे, आणि गाण्याचे भक्त तो बऱ्याचदा अर्धाच सांगतात. सात महिन्यांनंतर सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांना सारखीच जवळची झाली होती. गाणाऱ्यांचं वेगळेपण एवढंच की ते फार लवकर जवळ आले. म्हणजे गाण्याने चमत्कार होत नाही, गाण्याने वेळ वाचतो.

बीड जिल्ह्यातल्या मास्तरांनी हा अभ्यास आपल्यासाठीच झाला असं मानायला हरकत नाही. पुण्यातल्या एखाद्या शाळेत मुलांना एकमेकांची ओळख व्हायला जूनपासून एप्रिलपर्यंतचं सगळं वर्ष असतं. त्यांना घाई नाही. फडावर जाणारं मूल जूनमध्ये येतं, दसऱ्या-दिवाळीच्या पुढे-मागे जातं, आणि परत आलं तर मार्चअखेर येतं. मधल्या काळात वर्ग पुढे गेलेला असतो, बाकावरची जागा दुसऱ्याची झालेली असते, मैत्र्या नव्याने जुळलेल्या असतात. अशा मुलाला वर्गात परत घ्यायला हाताशी असतात जेमतेम चार-पाच आठवडे. त्यात गणित भरून निघणं अवघड आहे. पण रोज परिपाठाला पंधरा मिनिटं सगळ्यांबरोबर गाणं म्हणणं, आणि ते गाणं जून-जुलैत त्याने इथेच शिकलेलं असणं, हे जमण्यासारखं आहे. गैरहजेरीनंतर आलेल्या मुलाला जे अजून येतं, पाठ असतं, अशी शाळेत दुसरी कोणती गोष्ट आहे?

परिपाठ आहेच, असं कुणी म्हणेल. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, समूहगीत, शेवटी पसायदान. कागदावर सगळं आहे. 19 फेब्रुवारी 2023 पासून राजा बढे यांचं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं आणि तेही शाळेच्या वेळापत्रकात आलं. श्रीनिवास खळ्यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा आवाज यांच्यामुळे ते आधीपासूनच महाराष्ट्राच्या तोंडी होतं. मात्र काही शाळांत ते मोबाइलवरून स्पीकरला जोडून लावतात आणि मुलं हाताची घडी घालून ऐकतात. वर सांगितलेल्या तिन्ही प्रयोगांत माणसं गात होती, ऐकत नव्हती.

संगीतशिक्षक नाहीत, ही तक्रार खरी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार कला, क्रीडा आणि कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशक मिळतात ते सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच. वाडी-वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेला त्यातलं काही मिळणार नाही, आणि चौसाळा परिसरात अशा शाळा पुष्कळ आहेत. पण गावात पेटी वाजवणारा एखादा भजनी असतो, ढोलकीवाला असतो, हलगीवाला तर असतोच. त्याला आठवड्यातून एकदा शाळेत बोलावायला शासनाच्या निर्णयाची गरज नाही. काही मुख्याध्यापकांना यात संकोच वाटतो, भजनी मंडळ आलं तर धर्म आला असं वाटतं. तो संकोच गाण्यांची निवड करून सुटतो. साने गुरुजींपासून लोकशाहीर अण्णाभाऊ साठ्यांपर्यंत, ओवीपासून बालभारतीतल्या चाली लावलेल्या कवितांपर्यंत एवढं काही पडलं आहे की वर्षाला दहा गाणी ठरवली तरी दहावीपर्यंत पुनरावृत्ती होणार नाही. ज्यांनी पन्नाशी ओलांडली त्यांना शाळेतले धडे आठवत नाहीत, चालीत म्हटलेल्या कविता मात्र आठवतात. ‘आठवणीतल्या कविता’ या संग्रहाचे चार भाग घरोघरी गेले ते त्यामुळेच.

बाहेरचं उदाहरण हवंच असेल तर एस्टोनियाचं घ्यावं. त्या देशाची लोकसंख्या सुमारे 13 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या बीड जिल्ह्याची 25 लाख 85 हजार होती. 1869 मध्ये तार्तू शहरात तिथला पहिला गीतोत्सव झाला. आजही साधारण दर पाच वर्षांनी राजधानी टाल्लिनमध्ये हजारो गायक एका मंचावर उभे राहतात, आणि मुलांचा-युवकांचा उत्सव वेगळा होतो. हे गायक आकाशातून पडत नाहीत, ते शाळांच्या वृंदांतून येतात. 1988 च्या उन्हाळ्यात तिथल्या लोकांनी रात्र-रात्र जागून बंदी असलेली गाणी म्हटली आणि 1991 मध्ये देश सोव्हिएत संघातून बाहेर पडला. तिथे या काळाला गाती क्रांती म्हणतात. उस्मानियातल्या मुलांनी ते पन्नास वर्षं आधी करून दाखवलं होतं. आपण त्याचे उत्सव करायला विसरलो, एवढाच फरक.

उरतो प्रश्न तारखेचा, आणि या लेखाचा खरा आग्रह तोच आहे. ऊसतोडीच्या पट्ट्यात गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत घेणं म्हणजे ज्या घरांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांनाच बाहेर ठेवणं. आपलं लेकरू मंचावर उभं आहे हे ज्या आईने एकदाही पाहिलेलं नाही, तिला शाळा आपली वाटावी कशी? 1 मेला निकाल असतो, झेंडावंदन असतं, कोयता गावात असतो, पेरणीला अवकाश असतो. तेव्हा गॅदरिंग त्याच्या आदल्या दिवशी घ्यावं. 30 एप्रिलची संध्याकाळ मराठवाड्यात उकाड्याची असते हे मान्य, पण जानेवारीच्या थंडीत कुडकुडणारी मुलंही गावाने पाहिली आहेत. एप्रिल जमतच नसेल तर गणपती ते दसरा या दिवसांत घ्यावं. त्यात बहुतेक वर्षी 17 सप्टेंबर, म्हणजे मुक्तिसंग्राम दिन येतो, आणि सगळं गाव जाग्यावर असतं.

नाच असू द्यावेत, नाटुकली असू द्यावीत, भाषणं कमी असावीत. सुरुवातीचा अर्धा तास मात्र सगळ्या शाळेने उभं राहून गावं, पहिलीपासून शेवटच्या वर्गापर्यंत, निवड न करता, स्पीकरवर गाणं न लावता. एखादं गाणं गावानेही त्यांच्याबरोबर म्हणावं.

हा अंक हाती पडेल तेव्हा यंदाच्या ट्रॅक्टरांचे सौदे होऊन गेलेले असतील. शाळा व्यवस्थापन समित्यांची पुढची बैठक मात्र अजून व्हायची आहे. चौसाळा, मांजरसुंबा, नेकनूर, लिंबागणेश या भागातल्या ज्या मुख्याध्यापकांपर्यंत आणि पालकांपर्यंत हा अंक पोचेल, त्यांनी त्या बैठकीत एवढा एकच विषय मांडावा: या वर्षीचं गॅदरिंग कोयते परतल्यावर घ्यायचं. तारीख ठरली की ती मुकादमामार्फत फडावरही कळवावी.