नाईलकाठची यात्रा आणि यात्रेकरूचे उत्तरदायित्व

लुक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, ऊन तापण्यापूर्वीच बसगाड्यांची रांग लागलेली असते. 'राजांच्या दरी'च्या दाराशी तीस-चाळीस जणांचा एकेक तांडा उतरतो. मार्गदर्शक सावली पाहून सर्वांना एकत्र करतो आणि थडग्यांची माहिती बाहेरच सांगून टाकतो, कारण आत उभे राहून व्याख्यान देण्यास मनाई आहे. मग माणसे रांगेने उतारावरून खाली जातात, रंगीत भिंतींकडे पाहत पुढच्याच्या पाठोपाठ सरकतात आणि थोड्याच वेळात घाम पुसत वर येतात. साध्या तिकिटावर तीन थडगी, त्यानंतर हत्शेप्सुत राणीचे मंदिर, मग दगडी वस्तूंचे एखादे दुकान आणि शेवटी भोजन. दुपारच्या आत साडेतीन हजार वर्षे पाहून झालेली असतात! पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या सहलींचा कार्यक्रमही आता याहून वेगळा नसतो.

या धावपळीची थट्टा करणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. नाईलवरील संघटित सहलींची प्रथा जुनी आहे. सुवेझचा कालवा ज्या वर्षी खुला झाला, त्याच १८६९ साली टॉमस कुकने आपला पहिला तांडा इजिप्तला नेला. त्यापूर्वी ही मंदिरे पाहणे हा सरदार, सेनानी आणि धनिक यांचा विशेषाधिकार होता. आज निवृत्त शिक्षक आणि बँकेतील कारकूनही कर्नाकच्या १३४ स्तंभांच्या सभामंडपात मान वर करून उभे राहू शकतात, ही लोकशाहीचीच एक प्राप्ती म्हटली पाहिजे. शिवाय होडीवाले, टांगेवाले, खानावळवाले, मार्गदर्शक अशा असंख्य कुटुंबांची चूल या येण्याजाण्यावर पेटते. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी हत्शेप्सुतच्या मंदिरात अतिरेक्यांनी ६२ जणांची हत्या केली. त्यानंतर परदेशी पाहुणे येईनासे झाले, तेव्हा रिकाम्या गावाला उपासमार कशी भेडसावते हे लुक्सरने अनुभवले आहे. तेव्हा जावे की जाऊ नये, हा प्रश्नच नाही. खरा प्रश्न कसे जावे, काय पाहावे आणि पाहण्याची किंमत कोणी मोजावी, हा आहे.

ही किंमत सर्वांत आधी भिंती मोजतात. दुसऱ्या रामेसेसची राणी नेफर्तारी हिचे थडगे इटालियन संशोधक स्कियापारेल्ली याने १९०४ साली उजेडात आणले. प्राचीन इजिप्तच्या चित्रकलेचा तो एक मुकुटमणी आहे. परंतु तेथील चुनखडीच्या खडकात मीठ आहे. ओलावा मिळाला की ते विरघळते, पृष्ठभागाकडे येते आणि तेथे स्फटिकरूप होऊन रंगासह गिलावा भिंतीपासून ढकलून देते. हा ओलावा काही अंशी मूळच्या गिलाव्यातून आला, काही अंशी क्वचित पडणाऱ्या पावसातून. पण माणसांच्या श्वासातून आणि घामातूनही तो येतो. इजिप्तचे पुरातत्त्व खाते आणि अमेरिकेतील गेटी संस्था यांनी १९८६ ते १९९२ या काळात ही चित्रे सावरली. १९९५ साली थडगे पुन्हा उघडले, तेव्हा दिवसाला दीडशे दर्शक आणि प्रत्येकास दहा मिनिटे, अशी मर्यादा घालावी लागली. ज्या चित्रांनी तीन हजारांहून अधिक वर्षे अंधारात काढली, त्यांना काही दशकांच्या कौतुकाने धोक्यात आणावे, यात एक कटू सत्य आहे. आस्था असलेला पाहुणाही श्वास सोडतोच. चोराला कायद्याने अडवता येते. रसिकाला मात्र त्याच्या विवेकानेच अडवावे लागते.

या अडचणीवर एक मार्ग काढण्यात आला आहे. हॉवर्ड कार्टरला १९२२ साली सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्याची तंतोतंत प्रतिकृती २०१४ पासून त्याच दरीच्या वाटेवर, कार्टरच्या घराजवळ, पाहावयास मिळते. तेथे घाई नाही, गर्दी नाही आणि भिंतीला इजा होण्याची भीतीही नाही. तरीही बहुसंख्य यात्रेकरू तिकडे पाठ फिरवून मूळ थडग्यातच उतरतात, कारण 'नक्कल पाहायला का इतक्या दूर यायचे?' हा प्रश्न त्यांच्या मनात असतो. तो स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. दफनकक्षातील वस्तू बाहेर काढताना कार्टरने एक आडभिंत पाडली आणि तिच्यासोबत तिच्यावरील चित्राचा भागही गेला. जुन्या छायाचित्रांवरून तो भाग पुन्हा उभा करून प्रतिकृतीजवळ मांडलेला आहे. म्हणजे मूळ स्थळी जे आता दिसू शकत नाही, ते नकलेपाशी दिसते. प्रतिकृतीचे मोल मराठी माणसाला तरी निराळे सांगावयास नको. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील अनेक १८८५ साली लंडनमधील आगीत जळाल्या. ज्या उरल्या, त्या आज मूळ भिंतीवरून पुसट झालेल्या रेषांची साक्ष देतात. सच्ची प्रतिकृती ही फसवणूक नव्हे, ती मूळ कृतीला दिलेली विश्रांती होय.

भिंतींची हानी केवळ श्वासाने झालेली नाही. पहिल्या सेतीचे भव्य थडगे बेल्झोनीने १८१७ साली शोधले. त्याने मेणाचे छाप घेतले, तेव्हा भिंतीवरील रंग निघून आला. १८२९ साली शांपोलियाँ आणि रोसेल्लिनी यांनी तेथील दोन चित्रफलक कापून नेले. त्यांतील एक आज पॅरिसला आहे, दुसरा फ्लॉरेन्सला. राजाची दगडी शवपेटी लंडनमधील सर जॉन सोन यांनी १८२४ साली दोन हजार पौंडांना विकत घेतली आणि ती आजही त्यांच्या घरातील संग्रहालयात आहे. गंमत अशी की, यांपैकी शांपोलियाँ हा चित्रलिपीचे कोडे १८२२ साली उलगडणारा महापंडित होता. त्याच्यामुळे ज्या भिंती बोलू लागल्या, त्यांतीलच एक त्याने कापली. विद्वत्ता आणि लूट यांची वस्ती एकाच घरात असू शकते, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होते. लुक्सरच्या मंदिरासमोर आज एकच ओबेलिस्क उभा दिसतो. त्याचा जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात आहे. मार्गदर्शकाने हा रिकामा चौथरा दाखवावा आणि प्रवाशांनी त्याच्याकडेही तितक्याच लक्षपूर्वक पाहावे. अभाव हाही इतिहासाचा पुरावाच असतो. उत्खननात सापडलेल्या वस्तूंत परदेशी पथकांना वाटा देण्याची प्रथा इजिप्तने १९८३ च्या कायद्याने बंद केली. हे पाऊल फार उशिरा पडले, पण ते आवश्यक होते.

मात्र अशा सहलींचा सर्वांत मोठा दोष निराळाच आहे. त्या राजे दाखवतात, कारागीर दाखवीत नाहीत. राजांच्या दरीपासून डोंगर ओलांडला की देर अल् मदिना नावाचे एका जुन्या वस्तीचे अवशेष आहेत. थडगी खोदणारे पाथरवट, चित्रकार आणि लेखनिक तेथे पिढ्यान् पिढ्या राहिले. त्यांच्या घरांच्या भिंतींचे पाये, त्यांच्या हिशेबाच्या खापऱ्या, भांडणतंट्यांच्या नोंदी, सारे काही सापडले आहे. तिसऱ्या रामेसेसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व बाराव्या शतकात, या कारागिरांना धान्याचा शिधा वेळेवर मिळेना. तेव्हा ते काम टाकून निघाले, मंदिराच्या मागे जाऊन बसले आणि आपण भुकेले आहोत असे अधिकाऱ्यांना त्यांनी ठणकावून सांगितले. हा वृत्तांत लेखनिकाने पपायरसवर नोंदवला. ते पत्र आज इटलीतील तुरीन येथे आहे. ज्ञात इतिहासातील हा पहिला संप मानला जातो. याच वस्तीतील सेन्नेजेम नावाच्या कारागिराने स्वतःच्या लहानशा थडग्यात आपण पत्नीसह परलोकी नांगरणी व कापणी करीत असल्याचे चित्र रंगवून घेतले आहे. राजाला परलोकात सूर्याची नौका हवी होती. कारागिराला हवे होते बहरलेले शेत. प्राचीन इजिप्त समजून घ्यायचा, तर या दोन स्वप्नांतील अंतर पाहावे लागते. परंतु अर्ध्या दिवसाच्या कार्यक्रमात देर अल् मदिनाला जागा सापडत नाही.

जी गोष्ट प्राचीनांची, तीच आधुनिकांची. अमीर-उमरावांच्या थडग्यांवर वसलेल्या कुर्ना गावच्या लोकांना 'थडगीचोर' हे बिरुद चिकटले होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. १८८१ साली उघडकीस आलेला राजांच्या ममींचा साठा कुर्न्यातील एका कुटुंबालाच आधी सापडला होता. पण त्याच गावच्या मजुरांनी परदेशी विद्वानांची उत्खनने पार पाडली. प्रख्यात स्थापत्यकार हसन फाथी यांनी चाळीसच्या दशकात या लोकांसाठी मातीच्या विटांचे देखणे नवे गाव उभारले. तरी बहुतेकांनी आपली जागा सोडली नाही. अखेर २००६ च्या अखेरीपासून यंत्रे लावून जुनी घरे पाडण्यात आली. घरांतील सांडपाण्याने खालची थडगी नासत होती, हे कारण खोटे नव्हते. तरीही स्मारकाचे रक्षण म्हणजे त्याच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसांचे उच्चाटन, असे समीकरण रूढ होऊ लागले तर त्याने अस्वस्थ व्हावयास हवे.

हे समीकरण सर्वांत मोठ्या प्रमाणावर नुबियात मांडले गेले. असवानच्या उच्च धरणामुळे बुडणारी मंदिरे वाचवण्यासाठी युनेस्कोने १९६० साली जगाला हाक दिली. भारतही त्या हाकेला धावून गेला होता. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या पथकाने १९६१-६२ मध्ये बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नुबियातील आफिये येथे उत्खनन केले. अबू सिंबेलची दोन्ही मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात प्रचंड ठोकळ्यांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. मानवी सहकार्याचे असे उदाहरण विरळा, यात शंका नाही. पण त्याच सुमारास इजिप्तच्या हद्दीतील सुमारे पन्नास हजार नुबियनांना घरेदारे, खजुरीची बने आणि पूर्वजांच्या कबरी सोडून कोम ओंबोच्या परिसरात जावे लागले. सीमेपलीकडील सुदानी नुबियनांच्या वाट्यालाही तेच आले. मंदिरे नदीकाठीच राहिली. माणसे मात्र नदीपासून दूर गेली. त्यांना मूळ प्रदेशात परत आणण्याचे आश्वासन इजिप्तच्या २०१४ च्या राज्यघटनेने दहा वर्षांच्या मुदतीसह दिले. ती मुदत उलटली, तरी प्रश्न सुटलेला नाही. मुळशीपासून कोयनेपर्यंतच्या धरणग्रस्तांची कहाणी ज्याने ऐकली आहे, त्या मराठी प्रवाशाला अबू सिंबेलच्या काठावर उभे राहिल्यावर पाण्याखाली काय आहे, हे कोणी सांगण्याची गरज पडू नये.

असे असूनही या वारशाचा आणि तेथील सामान्य माणसाचा संबंध तुटलेला नाही. जानेवारी २०११ मध्ये कैरोत क्रांतीचा वणवा पेटला आणि पोलीस रस्त्यांवरून नाहीसे झाले. त्या वेळी सामान्य नागरिकांनी हातात हात गुंफून राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाभोवती साखळी धरली. काही चोर आत शिरले, काही वस्तू गेल्या. पण फार मोठी हानी टळली. १ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांजवळ नव्या भव्य संग्रहालयाचे अधिकृत उद्घाटन झाले आणि तुतनखामेनचा सारा खजिना तेथे प्रथमच एकत्र मांडला गेला. आपला वारसा सांभाळण्यास इजिप्शियन लोक समर्थ नाहीत, हा युरोपातील संग्रहालयांचा जुना युक्तिवाद आता टिकणारा नाही.

तेव्हा सहली काढणाऱ्यांनी आणि त्यांत जाणाऱ्यांनी काही पथ्ये स्वीकारणे अगत्याचे आहे. सहा थडग्यांऐवजी दोनच पाहावीत, पण नीट पाहावीत. जेथे प्रतिकृती आहे, तेथे मूळ थडग्याचा हट्ट धरू नये. देर अल् मदिनाची कारागीर वस्ती आणि असवानचे नुबिया संग्रहालय ही कार्यक्रमातील ऐच्छिक नव्हे, तर अनिवार्य स्थळे मानावीत. दर्शकांची संख्या मर्यादित केली, तर दर वाढेल आणि पुन्हा धनिकांचीच सोय होईल, हा आक्षेप गंभीर आहे. म्हणून ही मर्यादा पैशाने नव्हे, तर पूर्वनोंदणीने आणि पाळीने घातली जावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मार्गदर्शकाला घाईतून मोकळे करावे. इजिप्तमधील मार्गदर्शक परवानाधारक असतात आणि त्यांतील अनेक इतिहासाचे चांगले जाणकार असतात. त्यांना कोरडी सनावळी म्हणावयास लावायची आणि उरलेला वेळ दुकानांत घालवायचा, हा त्यांच्या विद्येचा अपमान आहे.

आपले नाव उच्चारले जात आहे तोवर आपण जिवंत आहोत, अशी प्राचीन इजिप्शियनांची श्रद्धा होती. म्हणूनच राजांनी आपली नावे दगडात खोल कोरून घेतली, आणि आज जगभरातील पाहुणे ती रोज उच्चारतात. ज्यांनी ती कोरली त्यांची नावेही देर अल् मदिनाच्या खापऱ्यांवर शिल्लक आहेत. ती उच्चारण्याइतका वेळ मात्र सहलीला काढावा लागेल.