अकीक की काच? दगड की लाकूड?

आपल्या बहुतेक घरांत अकीकचा एखादा तरी दाणा असतो. आजोबांच्या चांदीच्या अंगठीतला नगीना, नानीची तसबीह, नाहीतर उरुसाच्या बाजारातून हौसेने आणलेली माळ. पण हा खडा खरोखर अकीक आहे का, असे कोणी विचारले तर ‘दुकानदाराने सांगितले’ यापलीकडे आपल्याकडे उत्तर नसते. ज्या घरातल्या मुलांना ओढ्याकाठचे दगड गोळा करण्याचा नाद आहे, तिथेही हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून या महिन्यात अकीक आणि त्याचा जवळचा भाऊबंद, म्हणजे दगड झालेले लाकूड, घरी कसे पारखावे हे आम्ही सांगत आहोत.

अकीक मूळचा आपल्याच मातीतला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याबरोबर झिरपलेली सिलिका त्या पोकळ्यांत थरावर थर साचत गेली. तोच अकीक. काळा दगड झिजला, कठीण अकीक मागे उरला. म्हणून गोदावरी, भीमा, कृष्णा, नर्मदा यांच्या वाळूगोट्यांत तो आजही सापडतो. गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरचा अकीक घडवण्यासाठी खंबायतला जात आला आहे. रतनपूरच्या टेकडीवर बाबा गोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या या बुजुर्गांनी अकीकचा धंदा वाढवला, असे तिथले सिद्दी लोक मानतात. खंबायतचे कारागीर दगड उन्हात वाळवतात आणि मडक्यात घालून भाजतात. उष्णतेने दगडातल्या लोहाचा रंग बदलतो आणि पिवळट दगड तांबडा होतो. ही फसवणूक नव्हे, जुनी कारागिरी आहे.

आता पारख. दगड ओबडधोबड असेल तर साध्या पोलादी सुरीचे टोक त्यावर दाबून ओढा. अकीकवर चरा पडत नाही, उलट सुरीचेच पोलाद रेघ होऊन उमटते. ती बोटाने पुसून पाहा. अकीकच्या धारदार कडेने काचेच्या तुकड्यावर मात्र ओरखडा उठतो. चरा सहज पडला तर तो दगड कॅल्साइट असू शकतो. चऱ्याच्या भुकटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बारीक फेस आला तर तो अकीक नव्हे. अंगठीतल्या नगीन्यावर हे प्रयोग करू नका, नाहक झिलई जाईल.

नगीना मोबाइलच्या उजेडासमोर धरा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. आत गोल बुडबुडे किंवा पाकासारखी वळणे दिसली तर ती काच समजा. अकीकमध्ये बारीक पट्टे किंवा ढगाळ छटा असतात. गर्द निळा, गुलाबी, भडक हिरवा अकीक बहुधा रंगवलेला असतो. अशा खड्यात रंग भेगांमध्ये जास्त साचलेला दिसतो. रंगवलेला अकीकही अकीकच असतो, पण तो नैसर्गिक रंगाचा म्हणून विकणे चुकीचे. आणि ‘हा येमेनचाच’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर लक्षात ठेवा, खडा कोणत्या मुलखातला आहे हे घरच्या कसोटीवर कळत नाही. त्या नावासाठी जास्त पैसे मोजण्याआधी चार वेळा विचार करा.

दगड झालेल्या लाकडाची पारख वेगळी आहे. गाळात किंवा राखेत गाडल्या गेलेल्या खोडात सिलिका मुरते आणि लाकडाची घडण दगडात जशीच्या तशी राहते. म्हणजे अकीक आणि हे लाकूड बहुधा एकाच द्रव्याचे असतात, दोघांवरही सुरी चालत नाही. इथे घडण पाहावी लागते. अकीकचे पट्टे पोकळीच्या भिंतीला धरून वळतात आणि मधोमध अनेकदा चमकदार स्फटिक असतात. लाकडाच्या आडव्या कापावर भिंगातून बारीक छिद्रे आणि मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेघा दिसतात. उभ्या बाजूला लांब तंतू, कधी गाठीही दिसतात. वार्षिक वलये असली तर उत्तम, पण उष्ण प्रदेशातल्या झाडांत ती नसूही शकतात. नुसते पट्टे पाहून लाकूड म्हणू नये. पट्टे असलेले साधे दगडही पुष्कळ असतात.

असे लाकूड पाहायचे असेल तर जैसलमेरजवळचे आकल, तमिळनाडूतले तिरुवक्कराई आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले सिरोंचा ही ठिकाणे आहेत. आकलची खोडे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची आहेत. अशा राखीव जागेतून कपचीही उचलू नये. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या अशाच एका राष्ट्रीय उद्यानातून पाहुण्यांनी गुपचूप नेलेले तुकडे लोक पुढे माफीच्या चिठ्ठीसह टपालाने परत पाठवत आले आहेत. पण कोणता तुकडा नेमका कुठला, हे कळायला मार्ग नसतो, म्हणून ते पुन्हा जागेवर ठेवता येत नाहीत. दगड परत येतो, त्याची जागा परत येत नाही.

मुलांना म्हणूनच एक सवय लावा. जिथून नेण्यास मनाई नाही तिथला दगड उचलला की त्याच दिवशी गाव, ओढा आणि तारीख कागदावर लिहून सोबत ठेवायची. पारख झाली नसेल तर ‘बहुधा अकीक’ असेच लिहायचे. मालातला दोष लपवू नये, ही शिकवण आपण दुकानदारांना ऐकवतो. मुलीच्या जहेजमध्ये अंगठी देताना किंवा जुनी तसबीह विकताना ती आपल्यालाही लागू आहे. जेवढे पारखले तेवढेच सांगावे. काचेचा निघाला तरी आजोबांचा नगीना घरात मोलाचाच राहील, फक्त त्याला अकीक म्हणून कोणाच्या हाती देऊ नये.