तेरड्याची वाट

भंडारदऱ्याला जायचं ठरलं, तेव्हा घरात खरा प्रश्न होता तो सासूबाईंचा. गुडघे ७२ वर्षांचे, आणि मन त्याहून थकलेलं. मामंजी फाल्गुनात गेले. वर्ष सरायचं होतं म्हणून यंदा गौरीही आणल्या नव्हत्या. “तुम्ही जा, मी घर राखते,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी नातीने हट्ट धरला, तेव्हा कुठे पिशवी भरली.

रतनवाडीला जलाशयाकाठी तंबूत रात्र काढली. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. सकाळी अमृतेश्वराच्या देवळाकडे निघालो. वाट सपाट. रतनगड चढणारे हिला वाट म्हणणार नाहीत, पण लेकुरवाळ्यांना आणि गुडघेवाल्यांना हीच बरी. भाद्रपद सरता सरता, पावसाची उघडझाप सुरू झाली की यावं. बांध सोनकीने पिवळेधमक झालेले. कातळावरच्या ओलीत सीतेची आसवं, निळीजांभळी, करंगळीच्या नखाएवढी. ही नाजूक आसवं खाली इवल्या पिशव्या लावून पाण्यातले किडे धरून खातात, हे ऐकून कन्येचा त्यांच्याविषयीचा आदर एकदम वाढला.

आणि तेरडा! ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मी वीस वर्षं वर्गात समजावून सांगते आहे. बाजारातली जुडी सोडली तर तेरडा उभा असा त्या दिवशीच प्रथम पाहिला. (माझ्या विद्यार्थ्यांनी हे वाचू नये.) सगळा उतार गुलाबी होता.

सासूबाई वाटेतच थांबल्या. हात पुढे गेला.

“आजी, तोडायचं नाही हं! अभयारण्य आहे.”

पोरीचं खरंच होतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासूनचं.

“तोडत नाही गं. हे बघ.” फुगलेलं एक बोंड त्यांनी बोटाने नुसतं दाबलं. ते टचकन फुटलं, बिया चहूकडे उडाल्या आणि नात किंचाळली. मग दोघींना तोच खेळ.

“गौरीला तेरडा मुळासकट लागतो,” सासूबाई तिला सांगू लागल्या. “मुळं म्हणजे तिची पावलं. दरवर्षी बजावायचे मी. पण तुझे आजोबा मेले नेमकी बिनमुळांची जुडी घेऊन यायचे!”

त्या हसल्या. मामंजींविषयी सहा महिन्यांत आपणहून प्रथमच बोलत होत्या.

देवळाची वाट अर्ध्या तासाची. आम्हांला दोन तास लागले.