काटकसर कोणाची आणि खंड कोणाला?

मोठ्या कंपनीला संगणकावरील खर्च कमी करायचा असेल, तर तिने स्वतःची यंत्रे मोडीत काढावीत आणि सारे काम 'क्लाउड'वर न्यावे, असा उपदेश गेली दहा-पंधरा वर्षे उद्योगजगतात अव्याहत चालू आहे. सल्लागार तो करतात, संचालक मंडळे तो शिरोधार्य मानतात आणि वार्षिक अहवालात त्याची नोंद काटकसर म्हणून होते. हा उपदेश सर्वस्वी खोटा नाही. पण तो अर्धाच सांगितला जातो.

क्लाउड म्हणजे ढग. प्रत्यक्षात त्यात ढगासारखे काहीही नाही. नवी मुंबईत ऐरोलीकडे गेल्यास या ढगाच्या भिंती आणि वीजवाहिन्या डोळ्यांनी पाहता येतात. दुसऱ्याच्या मालकीच्या इमारतीत, दुसऱ्याच्या मालकीची यंत्रे तासावर भाड्याने घेणे, एवढाच त्याचा अर्थ. अमेझॉन कंपनीने २००६ साली हा धंदा सुरू केला. आज अमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तीन अमेरिकी कंपन्यांच्या हाती जगातील या बाजारपेठेचा निम्म्याहून अधिक हिस्सा आहे.

ज्यांचे काम चढउताराचे आहे, दिवाळीच्या पंधरवड्यात ज्यांची विक्री कित्येक पटींनी वाढते आणि मग ओसरते, त्यांना भाड्याची यंत्रे सोयीची पडतात, हे मान्य केले पाहिजे. नव्याने उभ्या राहणाऱ्या लहान उद्योगालाही आरंभीचे भांडवल वाचवता येते. परंतु बँक, विमा कंपनी किंवा पोलाद कारखाना यांचे बरेचसे काम बारमाही असते. बारमाही लागणारी वस्तू रोजभाड्याने घेण्यात काटकसर ती कोणती? भांडवली खर्च महसुली खर्चाच्या रकान्यात जातो आणि ताळेबंद हलका दिसतो, हे खरे. पण ताळेबंद हलका होणे आणि खर्च कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा भेद कळतो.

ड्रॉपबॉक्स या अमेरिकी कंपनीचे उदाहरण बोलके आहे. लोकांच्या फायली सांभाळणे हाच तिचा व्यवसाय, आणि त्यांचा साठा ती अमेझॉनच्या यंत्रांवर ठेवीत असे. तिने स्वतःची यंत्रे उभारली आणि २०१६ पर्यंत ९० टक्क्यांहून अधिक साठा तेथे हलवला. भागविक्रीच्या वेळी, २०१८ साली तिने जे निवेदन दाखल केले, त्यानुसार २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत मिळून सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचले. थर्टीसेव्हन सिग्नल्स ही त्या मानाने अगदी छोटी कंपनी. २०२२ साली तिचे क्लाउडचे बिल ३२ लाख डॉलर होते. तिने सुमारे सात लाख डॉलरची यंत्रे विकत घेतली आणि २०२४ पर्यंत ते बिल वर्षाला १३ लाखांवर आणले. यंत्रे सांभाळण्यासाठी माणसे वाढवावी लागली नाहीत, असेही तिने जाहीर केले. हे वाक्य कामगार संघटनांनी नीट वाचावे. क्लाउडवर जाताना यंत्रकक्षातील ज्या कर्मचाऱ्यांची गरज संपल्याचे सांगितले जाते, त्यांच्यासारख्या माणसांची गरज तेथेही उरतेच. बहुधा कंत्राटाने, दुसऱ्या नावाखाली.

मग भाड्याचा पैसा जातो कोठे? २०२४ साली अमेझॉनच्या क्लाउड विभागाची विक्री सुमारे १०,८०० कोटी डॉलर आणि कार्यचालन नफा जवळजवळ ४,००० कोटी डॉलर होता. कंपनीच्या एकूण विक्रीत या विभागाचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास, नफ्यात मात्र निम्म्याहून अधिक. हा खंड आहे, आणि खंडाचे अर्थशास्त्र महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांचा इतिहास येथील जुन्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. फरक एवढाच की, तेथे कुळाला जमिनीवर टिकून राहण्यासाठी कायद्याचा आधार लागला. येथे कुळाला बाहेर पडण्यासाठी तो लागतो. माहिती आत आणताना शुल्क नाही, बाहेर नेताना ते मोजावे लागते. शिवाय प्रत्येक मालकाची यंत्रभाषा निराळी, त्यामुळे घर बदलणे म्हणजे घर नव्याने बांधणे. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२५ च्या आपल्या चौकशीत नोंदवले की, वर्षाकाठी एक टक्क्याहूनही कमी ग्राहक पुरवठादार बदलतात. युरोपीय संघाला कायदा करून १२ जानेवारी २०२७ पासून स्थलांतराचे शुल्क बंद करण्याचे ठरवावे लागले. नियामकांचा धाक वाढल्यावर २०२४ साली तिन्ही कंपन्यांनी कायमचे सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ केले खरे. पण राहून माहिती बाहेर काढणाऱ्याचा मीटर चालूच राहिला.

खंडाहून गंभीर बाब सत्तेची आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायारा एनर्जी या भारतातील कंपनीवर निर्बंध घातले. गुजरातेत वाडीनार येथे वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तिचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. मायक्रोसॉफ्टने तिच्या कर्मचाऱ्यांची टपाल आणि संपर्कसेवा बंद केली. परवान्याचे पैसे भरलेले असतानाही आपल्याच कागदपत्रांपर्यंत पोहोचता येत नाही, अशी तक्रार घेऊन कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. नायारामधील रशियन भांडवलाविषयी ममत्व बाळगण्याचे काहीच कारण नाही. परंतु भारतीय कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही असा कारखाना परदेशातील निर्णयाने मुका होऊ शकतो, ही गोष्ट एका कंपनीपुरती राहत नाही. उद्या तेथे एखादी सरकारी बँक असू शकेल.

१९८३ साली बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला. संघटनांचा त्या वेळचा विरोध आंधळा होता, अशी टीका पुष्कळ झाली, आणि तीत काही तथ्यही होते. पण कोणती यंत्रे, किती आणि कोणाच्या कामावर काय परिणाम करून येणार, हे त्या वाटाघाटींच्या मेजावर तरी आले होते. आज त्याहून मोठे स्थित्यंतर निविदेच्या एका परिच्छेदात उरकले जाते. सार्वजनिक उपक्रमांतील संघटनांनी अशा प्रत्येक कराराची मुदत, दरवाढीची अट, बाहेर पडण्याचा एकूण खर्च आणि कमी होणाऱ्या कायम जागांची संख्या लेखी मागितली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय क्षेत्रासाठी स्वतंत्र क्लाउड उभारण्याचे जाहीर केले. पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र त्या इमारतीतील यंत्रे कोणाच्या मालकीची असतील आणि किल्ल्या कोणाकडे राहतील, हे संसदेत विचारून घ्यावे लागेल.